केटच्या नावाचा पूल आणि केटचं हुकलेलं स्टेशन (बून काउंटी, आयोवा)

रूळबाह्य:

एम्सला (आयोवा स्टेट विद्यापीठाचं गाव) शिकत असताना आम्हा चौघांत मिळून एक जुनी गाडी होती. रविवारी जायला ठिकाणं दोनच, देमॉइनमधलं इंडियन ग्रोसरीचं दुकान आणि बूनचा पूल. दुकानात पैसे लागायचे, त्यामुळे पूल जास्त वेळा बघून झाला. पण तेव्हा तो नुसताच बघितला. त्याच्यामागचं सगळं गेल्या वर्षी परत गेलो तेव्हा समजलं आणि डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

बून काउंटी अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या मधोमध. मुलूख ताटासारखा सपाट, मका नाहीतर सोयाबीन. बून गावाच्या पश्चिमेला मात्र जमीन एकदम खाली सुटते, कारण देमॉइन नदीनं तिथं खोल खोरं कोरलंय. खडीच्या रस्त्यानं खाली उतरलात की डोक्यावर शेजारी-शेजारी दोन रेल्वे पूल. एक पोलादी मनोऱ्यांवर उभा असलेला, १९०१ चा, २,६८५ फूट लांब आणि १८५ फूट उंच. दुसरा काँक्रीटच्या खांबांवरचा, २००९ चा. दोन्ही केट शेलीच्या नावानं ओळखले जातात.

केट आयर्लंडहून आलेल्या कुटुंबातली. वडील शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत गँगचे मुकादम होते, ते १८७८ मध्ये वारले. घर हनी क्रीक नावाच्या ओढ्याला लागून, रुळाजवळच. त्या काळी रूळ खोऱ्यावरून जात नव्हते, खोऱ्यात उतरत होते. ओढ्याच्या कडेनं खाली यायचं, कमी उंचीच्या पुलावरून नदी ओलांडायची, पलीकडे मोइंगोना स्टेशन घ्यायचं आणि पुन्हा वर चढायचं. दोन्हीकडे चढ असल्यामुळे मोइंगोनाला मागून ढकलायला एक जादा इंजिन ठेवलेलं असे. कर्जत-लोणावळा प्रवास केलेल्यांना बँकर म्हटलं की कळेल.

६ जुलै १८८१ च्या रात्री तुफान पाऊस झाला. रूळ शाबूत आहेत का ते बघायला हेच जादा इंजिन चार माणसांनिशी मोइंगोनाहून निघालं. नदी ओलांडून पूर्वेला आलं आणि हनी क्रीकवरच्या पुलाबरोबर पाण्यात गेलं. केटनं आवाज ऐकला. कंदील घेऊन ती ओढ्याशी पोचली, तर दोघे जण झाडांना धरून लटकलेले. उरलेले दोघे गेले होते. पश्चिमेकडून मध्यरात्रीची शिकागोला जाणारी एक्सप्रेस यायची होती. ती अडवायची तर मोइंगोना गाठायला हवं, आणि मध्ये नदीवरचा सुमारे ७०० फुटांचा पूल. माणसांनी त्यावरून चालू नये म्हणून रुळांखालच्या स्लीपरमध्ये मुद्दाम जास्त अंतर ठेवलेलं. कंदील विझलेला. ती हातापायांवर रांगत पलीकडे गेली, स्टेशनात निरोप दिला, एक्सप्रेस अलीकडे ओग्डेनलाच थांबवली गेली. मग माणसं घेऊन ती पुन्हा ओढ्याकडे आली, झाडांवरच्या दोघांना सोडवायला.

आयोवात ही गोष्ट इथपर्यंत सगळेच सांगतात. मला पुढचा भाग लागला.

रेल्वेला तो उतार-चढ परवडत नव्हता. गाड्या जड होत चालल्या होत्या आणि प्रत्येक गाडीला मागून धक्का द्यायचा म्हणजे एक इंजिन आणि त्यावरची माणसं कायमची अडकलेली. म्हणून जॉर्ज मॉरिसन या इंजिनिअरकडून (हा गृहस्थ शिकला होता वकिली, बांधले पूल) खोऱ्यावरून थेट जाणारा दुहेरी मार्गाचा पूल आखून घेतला. १९०१ मध्ये तो सुरू झाला आणि मुख्य मार्ग बूनहून सरळ ओग्डेनकडे जाऊ लागला. मोइंगोना खाली खोऱ्यात राहिलं. आता हे बघा, १९०३ मध्ये रेल्वेनं केटला स्टेशन एजंट म्हणून नेमलं, ते मोइंगोनालाच. म्हणजे ज्या पुलाला आज तिचं नाव आहे, त्यानंच तिच्या स्टेशनावरच्या गाड्या काढून घेतल्या होत्या, आणि तेही ती रुजू होण्याच्या दोन वर्षं आधी. १९१२ च्या जानेवारीत ती वारली. जवळपास शेवटपर्यंत नोकरी तिथेच.

या काउंटीत रेल्वेनं एखाद्या गावाला वळसा घालण्याची ही पहिली वेळ नव्हती. मुळात काउंटीचं ठाणं होतं बूनस्बरो. १८५६ च्या कायद्यानं आयोवात आडव्या चार रेल्वेमार्गांसाठी सरकारनं जमिनी दिल्या, मार्गाच्या दोन्ही बाजूंचे एक सोडून एक चौरस मैल. त्यातला एक मार्ग पुढे सीडर रॅपिड्स अँड मिसूरी रिव्हर या कंपनीच्या हाती आला, आणि तिच्यामागे होता न्यू जर्सीचा जॉन इन्स्ली ब्लेअर. ब्लेअरचा धंदा नुसता रुळांचा नव्हता. स्टेशन मोकळ्या रानात काढायचं, भोवती प्लॉट पाडायचे आणि विकायचे. १८६५ मध्ये त्यानं बूनस्बरोच्या पूर्वेला असंच एक गाव आखलं, नाव ठेवलं मोंटाना. बूनस्बरोचे दुकानदार बघत बसले. १८७१ मध्ये मोंटानानं त्यांचं नावही उचललं आणि ते बून झालं, आणि १८८७ मध्ये जुनं गाव नव्यात विलीन झालं. कोर्टाची इमारत मात्र अजून जुन्या गावाच्या बाजूला आहे. कचेरीला रूळ हलवता आले नाहीत आणि रुळांना कचेरी!

ही ब्लेअरची लाइन १८६७ च्या जानेवारीत मिसूरीकाठी कौन्सिल ब्लफ्सला पोचली. पलीकडे ओमाहाहून युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचं काम पश्चिमेकडे चाललेलं. तोवर त्यांचे रूळ नदीतून आगबोटीनं यायचे, आता ते या काउंटीतून गाडीनं जायला लागले. शिकागो ते प्रशांत महासागर या मुख्य वाटेवर ही काउंटी आली ती अशी.

फोटो नंतर टाकतो.


मक्याचं_कणीस:

मस्त! मी चार वर्षं सीडर रॅपिड्सला काढली, पण हे काहीच माहीत नव्हतं. मोइंगोना हे नाव कसलं आहे? आणि बक्षीस काय मिळालं तिला?


रूळबाह्य:

मोइंगोना हे इलिनॉय जमातींपैकी एका टोळीचं नाव. देमॉइन नदीचं नाव त्यावरूनच आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. फ्रेंचांनी ते तोडून-मोडून घेतलं.

बक्षीस: रेल्वेकडून १०० डॉलर, पीठ, कोळसा आणि आयुष्यभराचा पास. कंडक्टरांच्या संघटनेनं सोन्याचं घड्याळ दिलं, आयोवा राज्यानं सोन्याचं पदक. मद्यपानविरोधी चळवळीतल्या फ्रान्सिस विलर्ड यांच्यामुळे ती काही काळ सिम्प्सन कॉलेजात शिकली. शेत गहाण होतं, ते पुढे शिकागो ट्रिब्यूननं वर्गणी काढून सोडवलं.


चहाटळ_चिंटू:

पीठ आणि कोळसा. वा! एक एक्सप्रेस वाचवली तर कंपनीनं रेशन भरून दिलं.

पण एक शंका. या असल्या गोष्टी दर पिढीत थोड्या फुगतात. तिचं वय कुठे १५ दिसतं, कुठे १७. विझलेला कंदील, विजेच्या लखलखाटात दिसलेला, वाहत येणारा ओंडका, हे सगळं मासिकवाल्यांनी नंतर चढवलेलं नसेल कशावरून?


रूळबाह्य:

वयाचं बरोबर आहे. जन्मसाल १८६३ की १८६५ यावरून घोळ आहे. पण इंजिन ओढ्यात पडलं होतं, दोन माणसं मेली होती, त्यातल्या एकाचा देह कधी सापडला नाही, आणि दोन माणसं वाचली होती. वाचलेले दोघे रेल्वेचेच नोकर. त्यांना झाडावर बसलेलं असताना कुणी बघितलं, आणि माणसं कुणी आणली, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ओंडका मी लिहिलेला नाही, तो तू आणलास.


जुनी_लोकोशेड:

मी मध्य रेल्वेतून निवृत्त. मुलगी देमॉइनला असते, दोन उन्हाळे तिच्याकडे काढलेत, त्यामुळे हे सगळं पाहिलंय.

चिंटू, स्लीपरमधल्या अंतराबद्दल सांगतो. पुलावर खडी नसते. दोन स्लीपरमधून थेट पाणी दिसतं. कोरड्या दिवशी, भर उजेडात, पायात बूट असताना नव्या गँगमनचे पाय लटपटतात. आमच्याकडे एक पोरगा पहिल्या दिवशी मध्येच खाली बसला होता, मुकादमानं हात धरून आणला. त्यामुळे रांगत जाणं ही मला रंगवलेली गोष्ट वाटत नाही. रात्री दुसरं काही करताच आलं नसतं.

रूळबाह्य, तुमच्या लेखात एक गोष्ट राहिली. नॉर्थ वेस्टर्नच्या दुहेरी मार्गावर गाड्या डावीकडून धावायच्या, आपल्यासारख्या. अमेरिकेत बाकी जवळजवळ सगळीकडे उजवीकडून. जावयाला हे सांगितलं तर तो म्हणाला, इंग्रज मालक असतील. प्रचलित कारण वेगळंच आहे. आधी एकेरी मार्ग होता आणि स्टेशनच्या इमारती एका बाजूला बांधून झाल्या होत्या. पुढे दुसरा रूळ इमारतींपासून लांबच्या बाजूला टाकला. शिकागोला जाणारे लोक स्टेशनात येऊन गाडीची वाट बघत बसायचे, तर त्यांची गाडी इमारतीपाशी लागावी, म्हणून डावी बाजू. शिकागोच्या काही लोकल अजूनही तशाच चालतात. तिथे उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा अमेरिकेत गाडी बरोबर बाजूनं येताना दिसली.

२००९ च्या पुलाचं कारणही लिहायला हवं होतं. जुन्या पुलावर शेवटी शेवटी एका वेळी एकच गाडी सोडत, तीही ताशी २५ मैलांनी. म्हणजे दुहेरी मार्ग नावालाच, मधला अर्धा मैल एकेरी. आता दोन्ही रुळांवर ७० मैलांनी एकाच वेळी गाड्या जातात. वर्क्स डिपार्टमेंटच्या माणसाला यात जास्त रस, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल.


मक्याचं_कणीस:

काका, सोडून काय द्यायचं, हेच तर वाचायचंय.


शेंगदाण्याची_चिक्की:

थोडं अवांतर, पण बूनशी संबंध आहे. कार्डिफचा राक्षस कुणाला आठवतो का? १८६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका शेतात विहीर खणताना दहा फुटी दगडी माणूस 'सापडला' आणि बघायला तिकीट लावून रांगा लागल्या. तो सगळा जॉर्ज हल नावाच्या तंबाखूवाल्याचा बनाव होता. ज्या जिप्समच्या दगडातून ती मूर्ती कोरली तो त्यानं १८६८ मध्ये फोर्ट डॉजहून काढला. फोर्ट डॉजला तेव्हा रेल्वे नव्हती. म्हणून तो प्रचंड ठोकळा सुमारे ४० मैल गाडीवर घालून, वाटेतले पूल मोडत की काय, बूनच्या स्टेशनवर आणला आणि तिथून शिकागोला चढवला. तेव्हा गावाचं नाव मोंटानाच असणार.

म्हणजे ब्लेअरच्या स्टेशनावरून एक खोटा राक्षसही गेलाय.


रूळबाह्य:

हा हा, हे मला ठाऊकच नव्हतं, लेखात घालायला हवं होतं. पूल मोडल्याचं मात्र तू चिंटूच्या चालीवर गेलीस.


पायडलपुत्र:

मी मॅड्रिडच्या बाजूनं लिहितो. (स्पेनचं नाही. इथे उच्चार मॅ-वर जोर देऊन करतात, आणि आधी गावाचं नाव स्वीड पॉइंट होतं, कारण वस्ती स्वीडिश लोकांची.)

काउंटीच्या दक्षिणेला त्याच नदीवर आणखी एक उंच पूल आहे, पण त्यावर आता रूळ नाहीत. मिलवॉकी रोड या कंपनीची लाइन होती. त्या कंपनीचं १९७७ मध्ये दिवाळं वाजलं आणि ती बऱ्याच मार्गांतून अंग काढून घेऊ लागली. पुढे ही लाइन युनियन पॅसिफिककडे आली, मग त्यांनाही ती नकोशी झाली. २०११ पासून त्यावरून सायकलचा रस्ता जातो, अँकेनी ते वुडवर्ड २५ मैल. पूल साधारण अर्धा मैल लांब, १३० फूट उंच.

रात्री जा. पुलावर वाकड्यातिकड्या पोलादी चौकटी एकामागे एक लावल्यात आणि त्यांना निळे दिवे. सायकलवरून त्यातून जाताना वाटतं खाली खाली चाललोय. कल्पना तीच आहे, कोळशाच्या खाणीच्या विहिरीतून आत बघितल्यासारखं. या खोऱ्यात कोळसा होता आणि इंजिनांना तोच लागायचा, म्हणून रेल्वे आणि खाणी एकमेकींना धरून वाढल्या. अँगस नावाचं गाव १८८० च्या दशकात हजारोंच्या वस्तीचं होतं. आता गेलात तर गाव कुठे होतं ते बोटानं दाखवायलाही माणूस मिळत नाही.

आयोवात ऐन भरात १०,००० मैलांवर रूळ होते. आज ४,००० च्या आत. राहिलेल्या जागी एकतर मका किंवा आम्ही सायकलवाले.


एम्सची_बाकरवडी:

सगळं काउंटीबद्दल चाललंय, पण शेजारच्या एम्सवाल्यांनी एक आठवण करून द्यायला हवी. आयोवा स्टेटच्या कॅम्पसवरचं हब आठवतंय ना? जिथे आपण कॉफी प्यायचो आणि असाइनमेंट उतरवायचो. ते रेल्वे स्टेशन होतं. १८९१ ते १९०७ गाव ते कॉलेज अशी छोटी वाफेची गाडी धावायची, नाव डिंकी. आणि एम्स हे नावही ओक्स एम्सवरून, जो युनियन पॅसिफिकच्या लाचलुचपतीत १८७२ मध्ये अडकला तोच. ब्लेअरनं मित्राचं नाव गावाला दिलं होतं, बदनामीच्या आधीच.

पण मला खरं लिहायचंय ते बूनच्या पर्यटन गाडीबद्दल. आई-बाबांना घेऊन गेले होते. काळं इंजिन, शिट्टी, धूर. बाबा म्हणाले, 'बघ, शंभर वर्षांपूर्वीचं अमेरिकन इंजिन कसं ठेवलंय.' तिथल्या स्वयंसेवकानं हसून सांगितलं की ते चिनी आहे, १९८९ मध्ये नवं कोरं विकत आणलेलं. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता.


जुनी_लोकोशेड:

बरोबर. जेएस वर्गातलं, दातोंगच्या कारखान्यातलं. पुढे दोन, मध्ये आठ, मागे दोन चाकं. चीननं वाफेची इंजिनं बनवणं इतक्या उशिरापर्यंत चालू ठेवलं, म्हणून यांना नवं मिळालं. आपल्याकडे चित्तरंजनचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७२ मध्ये बाहेर पडलं. मी पाऊण तास त्या स्वयंसेवकाशी बोलत होतो. त्याला मराठी येत नव्हतं, मला त्याचं इंग्रजी कळत नव्हतं, पण इंजेक्टर दोघांनाही कळत होता.

ती गाडी ज्या रुळांवर चालते ते मुळात विजेच्या गाडीचे. फोर्ट डॉज, देमॉइन अँड सदर्न, मुख्य कचेरी आणि वर्कशॉप बूनलाच. वीजघर फ्रेझरला नदीकाठी होतं. १९५४ च्या पुरानं ते बुडवलं आणि त्यानंतर डिझेल आलं, १९५५ मध्ये प्रवासी गाड्याही संपल्या. १९६८ मध्ये नॉर्थ वेस्टर्ननं ती कंपनी घेतली आणि पुढे हा तुकडा सोडून द्यायला निघाले, तेव्हा १९८३ मध्ये गावातल्या लोकांनी पैसे जमवून तो विकत घेतला. वाटेत १५६ फूट उंच पूल लागतो, खाली जेमतेम ओढा. गाडी तिथे अगदी हळू नेतात. प्रवाशांना वाटतं देखावा दाखवायला.


चहाटळ_चिंटू:

काका, ते शेवटचं वाक्य वाचून आता मी बसणार नाही त्या गाडीत.

रूळबाह्य, एक मुद्दा मात्र बोचतोय. रेल्वेनं केटला मोइंगोनाला नेमलं त्याचं तुम्ही भलं वाटून लिहिलंय की वाईट वाटून? मला तर ते अडगळीत ठेवल्यासारखं वाटतं. नाव मोठं, वर्तमानपत्रात फोटो, आणि बसवलं कुठे, तर मुख्य मार्ग निघून गेलेल्या स्टेशनात.


रूळबाह्य:

दोन्ही. मीही आधी चिडलो होतो. पण ती मूळची तिथलीच, आईचं घर, भावंडं, शेत सगळं त्या ओढ्याशी. आणि १९०३ मध्ये एखाद्या बाईला स्टेशन एजंट नेमणं अगदी दुर्मीळ नसलं तरी रोजचंही नव्हतं. तिनं स्वतः बूनच्या मोठ्या यार्डात बसायला मागितलं असतं असं मला वाटत नाही.


जुनी_लोकोशेड:

छोट्या स्टेशनाला अडगळ म्हणू नका. मोठ्या ठिकाणी चार जण चार कामं करतात. छोट्या ठिकाणी तिकीट, पार्सल, तार, मालाच्या पावत्या, दिव्यातलं तेल, सगळं एकाच्या गळ्यात. मी कसाऱ्याच्या पुढे अशा एका ठिकाणी तीन वर्षं होतो. गाड्या कमी, पण चौकशीला येणारा माणूस तुम्हालाच ओळखतो. तिला तर लोक बघायलाच येत असतील.

पुढे नॉर्थ वेस्टर्ननं शिकागोहून निघणाऱ्या एका गाडीलाही तिचं नाव दिलं होतं, केट शेली ४००. ती १९५५ ची गोष्ट. आता बूनला प्रवासी गाडीच नाही. बसायचं असेल तर दक्षिणेला ओसिओलाला जाऊन अ‍ॅमट्रॅकची लांब पल्ल्याची गाडी पकडा.


मक्याचं_कणीस:

मग मोइंगोनात आता काय आहे?


रूळबाह्य:

चार-दोन घरं आणि तिच्या नावाचं छोटं रेल्वे संग्रहालय. गेल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा ते बंद होतं, काचेतून बघितलं. रूळ जिथे होते तिथे गवताची एक सरळ पट्टी आहे, आजूबाजूची झाडं उंच आणि मध्ये हा पट्टा बुटका. मी त्यावरून नदीच्या दिशेनं थोडा चाललो. पायाखाली खडी लागते अजून, गवताच्या आत. बायको गाडीत बसून हॉर्न देत होती म्हणून परत फिरलो.

वर, लांब उत्तरेला, त्याच वेळी कंटेनरची गाडी चाललेली ऐकू आली. दिसत नाही तिथून.


पायडलपुत्र:

सप्टेंबरात बूनला पफरबिली डेज असतात, रेल्वेची जत्राच. तेव्हा जमायचं का? मोइंगोनाचं संग्रहालय उघडं आहे का ते मी आधी विचारून ठेवतो.


एम्सची_बाकरवडी:

मी येणार. बाकरवडी माझ्याकडे.


जुनी_लोकोशेड:

मी सप्टेंबरात तिथेच आहे. मुलीला सांगतो. जावई आला नाही तरी चालेल.


चहाटळ_चिंटू:

मी पण. उंच पुलावरच्या गाडीत बसणार नाही, खाली उभा राहून तुमचे फोटो काढीन. पण गाडी कुणाची?


रूळबाह्य:

चौघांत एक.